स्वप्नगृहांतील जाच

छळणारा पुरुष आणि सोसणारी स्त्री ही जोडी आपल्या मनांत इतकी घट्ट बसली आहे कीं, एकमेकींवर प्रेम करून संसार मांडणाऱ्या दोन स्त्रियांच्या घरींहि छळ संभवतो, हें चटकन ध्यानांत येत नाहीं. वास्तविक सासुरवासाच्या ओव्या ऐकत आलेल्या आपल्या समाजास स्त्रीच्या हातून स्त्रीस होणारा जाच नवा नाहीं. पण जेथें प्रेम आहे आणि पुरुष नाहीं, तेथें जाचहि नसावा, असें आपण उगाच धरून चालतों. कार्मेन मारिया माचाडो या अमेरिकन लेखिकेचें 'इन द ड्रीम हाउस' हें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेलें आत्मकथन या समजुतीसच धक्का देतें.

इंडियाना राज्यांतील ब्लूमिंग्टन शहरीं प्रेयसीच्या घरीं सोसलेल्या छळाची ही हकीकत. ती लहान लहान प्रकरणांत सांगितली असून, प्रत्येकास निराळा साहित्यप्रकार किंवा संकेत योजला आहे. कोठें झपाटलेलें घर, तर कोठें लोककथा. आपल्या पूर्वायुष्यांतील रूपास लेखिका 'तूं' म्हणून हाक मारते. प्रथमदर्शनीं आम्हांस ही कसरत वाटली, आणि कांहीं ठिकाणीं ती तशी आहेहि. परंतु एका प्रकरणानें आमचें मत पालटलें. झोपेंत हालचाल करून आपली झोपमोड केली, असा आरोप प्रेयसी सकाळीं करते. आतां काय करावें? माफी मागावी, पुढच्या वेळीं मला जागें कर म्हणावें, कीं शांत हो म्हणावें? लेखिका प्रत्येक पर्यायापुढें पृष्ठांक देते. कोणतेंहि पान उघडा, सुटका नाहीं. "मग ती निघून कां गेली नाहीं?" असें सहज विचारणाऱ्यास याहून चोख उत्तर आमच्या वाचनांत नाहीं.

अशा स्त्रियांची आधींच निंदा होते, मग घरचें हें दुःख चव्हाट्यावर कशास आणावें, असा आक्षेप कोणी घेईल. लेखिकेस ही भीति ठाऊक आहे. पण ज्यांस आपण पूर्ण माणूस मानतों, त्यांच्या ठायीं दुष्टपणाहि संभवतो, हें मानलेंच पाहिजे. सर्वांच्या अब्रूसाठीं एकीनें मुकाट्यानें सोसावें, हा न्याय आपल्या घराण्यांनीं सुनांस पिढ्यान् पिढ्या लावला. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण ते सव्वा लाख सोसणारीच्या पदरीं कधींच पडले नाहींत.