झेंडा कुणाचा, दक्षिण कुणाची?

‘गॉन विथ द विंड’ (१९३९) या अमेरिकन यादवी युद्धावरील चित्रपटातले एक दृश्य विसरता येत नाही. अटलांटाच्या रेल्वे स्थानकावर असंख्य जखमी सैनिक विव्हळत पडले आहेत. कॅमेरा वर जातो आणि फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा फाटका कॉन्फेडरेट झेंडा पडद्यावर फडकू लागतो. आमचेही डोळे पाणावले. मग प्रश्न पडला : हे लढत होते कशासाठी?

उत्तर त्यांचेच उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी २१ मार्च १८६१ रोजी दिले होते. गोऱ्यांचे श्रेष्ठत्व आणि काळ्यांची गुलामी हाच नव्या राज्याचा पाया, असे ते जाहीरपणे म्हणाले. चित्रपट हा पाया झाकतो आणि हवेली तेवढी दाखवतो.

झेंड्याचे समर्थक म्हणतात, हा द्वेष नव्हे, वारसा आहे. उलट, दक्षिणेतला प्रत्येक गोरा अडाणी आणि वंशद्वेष्टा, असेही सर्रास बोलले जाते. सरसकट शिक्क्याचा चटका आम्ही जाणतो. तो आम्ही कुणावर मारणार नाही. पण ‘दक्षिणेचा माणूस’ म्हणजे गोराच, हे दोघेही गृहीत धरतात. गुलामांची लेकरे दक्षिणेची नव्हेत काय? याच चित्रपटासाठी ऑस्कर मिळवणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल अटलांटातल्या पहिल्या खेळाला हजर राहू शकल्या नाहीत. साउथ कॅरोलायनाच्या विधिमंडळासमोरचा झेंडा उतरला तो २०१५ मध्ये, चार्ल्सटनच्या चर्चमध्ये ९ कृष्णवर्णीयांची हत्या झाल्यानंतर.

वारसा सांगावा, पण सगळ्या वारसांना विचारून.