सेटअॅटरचा लूप आणि उसाची पावती

तर मंडळी, आज ज्या दोन ओळींवर मला टीका करायचीय, त्या इथल्या बहुतेकांनी कधी ना कधी लिहिल्यात. पायथनच्या क्लासमध्ये इनिट लिहायचं, नावानिशी येतील तेवढे आर्ग्युमेंट केडब्ल्यूआर्ग्जमध्ये गोळा करायचे, लूप फिरवायचा आणि सेटअॅटरने सगळे ऑब्जेक्टवर चिकटवायचे. फील्ड वीस, ओळी दोन. दिसायला झकास.

आता आपण वेळापुरात बसलोय, तर उसाचंच घेऊ. ट्रॅक्टर वजनकाट्यावर उभा आहे. पावतीचा क्लास असाच लिहिलेला. वाण को ८६०३२, भरलेलं वजन, रिकामं वजन. कुणीतरी ‘रिकामे_वजन’च्या जागी ‘रिकामी_वजन’ टाइप केलं. पायथन काही बोलत नाही. चुकीच्या नावाचं नवं अॅट्रिब्यूट तयार होतं, आणि खरं रिकामं वजन क्लासमधल्या डिफॉल्टवर, शून्यावर बसून राहतं. म्हणजे ट्रॉलीचं लोखंडसुद्धा उसाच्या भावानं गेलं! हसताय, पण हीच गडबड कपातीच्या फील्डमध्ये झाली तर? इनिटमध्ये नावं एकेक करून लिहिली असती, तर टाइपएरर तिथंच आला असता.

मराठीत तर याहून गमतीचा घोळ आहे. पायथन ३ मध्ये अॅट्रिब्यूटचं नाव देवनागरीत चालतं. ‘शेतकऱ्याचे’मधला ऱ दोन तऱ्हांनी साठवला जातो: एकच अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असा. डोळ्याला फरक शून्य. कोडमध्ये लिहिलेलं नाव पायथन वाचतानाच एका रूपात आणतं. सेटअॅटरला दिलेली स्ट्रिंग मात्र जशीच्या तशी ठेवतं. फाइलमधून नुक्तावालं शीर्षक आलं, की ‘शेतकऱ्याचे_नाव’ ऑब्जेक्टवर असूनही डॉट देऊन मागितल्यावर अॅट्रिब्यूटएरर. शोधत बसा रात्रभर! स्पष्ट नावं असती तरी ती जुळली नसतीच, पण ओरड दारातच झाली असती.

‘मग एसक्यूएलअल्केमी असंच करतं की,’ असं कुणी म्हणेल. करतं, पण आधी ते नाव क्लासवर आहे का हे तपासतं, नसेल तर टाइपएरर देतं. शिकवताना नेमकी ती तपासणीची ओळ गाळली जाते, याचाच मला राग आहे.

आणि टायपिंगचा कंटाळा म्हणाल, तर २०१८ च्या ३.७ पासून डेटाक्लास आहे. फील्डची नावं एकदा लिहा, इनिट तो बनवतो. फील्ड खरोखरच आधी माहीत नसतील, तर सरळ डिक्शनरी ठेवा. तिला पावती म्हणू नका, इतकंच.