‘तारे जमीन पर’ आणि पुढची इयत्ता

हिंदी बोलपटांतून शिक्षणाविषयीं कांहीं विचारार्ह निघेल अशी अपेक्षा आम्ही सहसा बाळगीत नाहीं. तथापि २००७ सालीं आलेला आमिर खान यांचा ‘तारे जमीन पर’ हा त्याला सन्माननीय अपवाद होय. डिस्लेक्सिया म्हणजे मठ्ठपणा नव्हे, आळस तर नव्हेच, हें त्यानें घरोघरच्या आईबापांना पटवून दिलें. लेखक अमोल गुप्ते यांचें हें ऋण मान्य करूनच आम्हांस कांहीं आक्षेप घ्यावयाचे आहेत.

छोट्या ईशानपुढें अक्षरें नाचूं लागतात, हें दृश्य मनोहर खरें, परंतु दिशाभूल करणारें आहे. दोष डोळ्यांचा नव्हे. कानावर पडणारा ध्वनि आणि कागदावरचें चिन्ह यांची सांगड चटकन् बसत नाहीं, असें आजचें शास्त्र मुख्यतः मानतें. वाळूंत अक्षरें गिरवून निकुंभ मास्तर एका गाण्याच्या अवधींत जी प्रगति घडवितात, तिला प्रत्यक्षांत वर्षें लागतात. आणि शेवटीं चित्रकलेच्या स्पर्धेंत पहिला नंबर! ज्याला ना कुंचला धरतां येतो ना गाण्याचा गळा आहे, त्या मुलानें कोणत्या गुणाच्या जोरावर समाजाची क्षमा मिळवावी?

आमचा मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे. डिस्लेक्सिया ही बालपणींचीच गोष्ट, अशी समजूत या चित्रपटानें दृढ केली. आमच्या सोलापुरांत याच्या उलट घडण्याचा संभव फार. पूर्व भागांतील विणकराच्या घरीं बोली तेलुगु, शाळा मराठी, आणि महाविद्यालयांत एकदम इंग्रजी! देवनागरी बहुधा जशी लिहावी तशीच वाचावी. त्यामुळें असा मुलगा फारसा चुकत नाहीं, नुसता रेंगाळतो, आणि पाठांतराच्या बळावर बारावी ओलांडतो. इंग्रजींत एकाच अक्षरसमूहाचे तीन-तीन उच्चार. तेथें तो उघडा पडतो. मग ‘हा इथवर आलाच कसा?’ हा प्रश्न निघावयाचाच.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें अशा विद्यार्थ्यांसाठीं परीक्षेंत जादा वेळ व लेखनिक यांची तरतूद केली आहे. २००४ सालीं स्थापन झालेलें व आतां पुण्यश्लोक अहिल्यादेवींचें नांव धारण करणारें सोलापूरचें विद्यापीठही त्या कायद्याच्या कक्षेंत येतें. पण सवलतीला प्रमाणपत्र हवें. २०१८ च्या सरकारी सूचनांनीं आठव्या वर्षापासून प्रमाणपत्र आणि चौदाव्या व अठराव्या वर्षीं फेरतपासणी असा क्रम घातला. ईशानला तो बरोबर बसतो. एकोणिसाव्या वर्षीं प्रथमच शंका आलेल्या तरुणाला या क्रमांत जागा कोठें? शिवाय जादा वेळ मिळतो तो परीक्षेपुरता. वर्षभराचें वाचन तसेंच शिल्लक राहतें. आतां फोन पुस्तक मोठ्यानें वाचून दाखवितो, ही सोय अनेक सवलतींहून मोलाची आहे. प्राध्यापकांनीं मात्र तिला लबाडी समजूं नये!

वसतिगृहाच्या खोलींत मित्राकडून धडा वाचून घेऊन तो जसाच्या तसा मनांत ठेवणारा, आणि जादा वेळेचा अर्ज खिशांत घालून कचेरीच्या दारावरून दोनदा परत फिरणारा नायक आम्हीं तरी अजून पडद्यावर पाहिला नाहीं.