सामान्यरूपाचा प्रश्न आणि संगणकशास्त्रातील पदव्युत्तर प्रबंध

संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मराठी भाषेवरील प्रबंध आता नवलाचा राहिलेला नाही. शब्दशोध, वर्गीकरण, भाषांतर अशा विषयांवर विद्यार्थी श्रम घेतात, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि असे प्रबंध वाचताना एक शंका पुनःपुन्हा मनात येते. सामग्री मराठी असते, परंतु प्रश्नाची मांडणी मात्र इंग्रजीवरून जशीच्या तशी उचललेली असते. या मांडणीचे परीक्षण करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणे मुख्यतः अहिल्यानगर जिल्ह्यातील गावांच्या नावांची घेतली आहेत. ती येथील विद्यार्थ्याच्या तोंडी रोज असतात आणि वादाचा सारा मुद्दा त्यांत सामावतो.

मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली इंग्रजी शब्दांचे प्रत्यय छाटण्याची पद्धती प्रसिद्ध केली. तिचे गुण नाकारण्याचे कारण नाही. छाटून उरलेला तुकडा हा अर्थपूर्ण शब्द असलाच पाहिजे, असा तिचा आग्रह नाही. एका शब्दाची सर्व रूपे एकाच तुकड्याशी येऊन थांबली, की शोधाचे काम भागते. इंग्रजीत हे बहुधा साधते, कारण तेथे प्रत्यय लागताना शब्दाचे अंग फारसे बदलत नाही. मराठीत मात्र प्रत्ययाच्या आधी सामान्यरूप होते, आणि तेथेच ही पद्धती अडखळते.

‘नेवासे’ हे नाव घ्या. ‘नेवाशात’, ‘नेवाशाहून’ यांचे प्रत्यय छाटले की ‘नेवाश’ उरते. मूळ नावातील अंत्य स्वर छाटला की ‘नेवास’ उरते. दोन तुकडे जुळत नाहीत. परिणामी ‘नेवासे’ शोधणाऱ्यास ‘नेवाशात’ घडलेली घटना सापडत नाही. यावर श-चा स करावा, असा सोपा नियम कोणी सुचवील. तो लावला की मासा, माशी आणि महिना या अर्थाचा मास, तिघेही एकाच कप्प्यात जाऊन बसतात! दोष येथे नियमाच्या संख्येचा नव्हे, स्वरूपाचा आहे. स-चा श होणे हे शब्दाचे लिंग आणि त्याचा अंत्य स्वर यांवर अवलंबून आहे: घसा–घशात, पैसा–पैशात, परंतु कोस–कोसात. मोरो केशव दामले यांनी १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त सामान्यरूपांची जी व्यवस्था लावली, तिची ओळख नसताना केवळ प्रत्ययांची यादी वाढवीत जाणे म्हणजे जमिनीची मोजणी न करता कुंपण घालण्यासारखे आहे.

याहून कठीण प्रकरण ‘अकोल्यात’ या रूपाचे. ‘अकोले’ आणि ‘अकोला’ या दोन्ही नावांचे सामान्यरूप एकच होते. एक गाव प्रवरेच्या खोऱ्यातले, दुसरे विदर्भातले. येथे कितीही सूक्ष्म व्याकरण रचले, तरी रूपावरून निर्णय होणार नाही; आजूबाजूच्या शब्दांकडेच पाहावे लागेल. शेजारी भंडारदऱ्याच्या धरणाचा उल्लेख असेल तर ते अकोले, हे आपण जाणतो. म्हणजे व्याकरणाने सुटणारा प्रश्न कोणता आणि संदर्भानेच सुटणारा कोणता, हा भेद संशोधकाने आरंभीच स्पष्ट केला पाहिजे. बरेचसे प्रबंध दोन्ही प्रकारच्या चुका एकाच शेकडेवारीत मिसळतात. मग ती शेकडेवारी कशाचे माप आहे, हे लेखकासही सांगता येत नाही.

आता लिपीसंबंधी. वर आलेला ‘भंडारदऱ्याच्या’ हा शब्द युनिकोडमध्ये दोन रीतींनी टंकित होऊ शकतो: ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णास हलन्त जोडून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त आणि ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे अदृश्य चिन्ह जोडून. डोळ्यांस दोन्ही सारखी. यंत्रास ती भिन्न. युनिकोडच्या प्रमाणित सामान्यीकरणानेही ती एक होत नाहीत. त्यातच सामग्री ‘स्वच्छ’ करताना अदृश्य चिन्हे सरसकट काढून टाकण्याचा प्रघात पडला आहे. दुसऱ्या रीतीने टंकित केलेल्या मजकुरात असे केले, की ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते आणि आचाऱ्याला दिलेली मजुरी आचार्याला पोचते. ज्याला आपण मळ समजून धुतले, तो वर्णच होता, हे ध्यानात येईपर्यंत प्रयोग संपलेला असतो.

यावर आक्षेप असा येईल की, विशाल भाषाप्रतिमाने आल्यावर या जुन्या चिंतेचे प्रयोजन उरले नाही. आक्षेपात तथ्य आहे. संदर्भाचा प्रश्न ही प्रतिमाने नियमांपेक्षा पुष्कळच चांगला सोडवितात. परंतु तीही शब्दाचे तुकडे करूनच वाचतात. त्यासाठी बहुशः वापरली जाणारी जोडी-विलीनीकरणाची रीत फिलिप गेज यांनी १९९४ मध्ये माहिती आटोपशीर साठविण्यासाठी मांडली होती आणि २०१६ मध्ये ती यांत्रिक भाषांतराकडे वळविण्यात आली. ती वारंवारता पाहते, प्रत्ययाची सीमा पाहत नाही. शिवाय यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात; ‘नेवाशात’ हा सात चिन्हांचा शब्द एकवीस बाइटांचा होतो. वारंवार येणाऱ्या शब्दांचे यात निभावून जाते. क्वचित येणाऱ्या शब्दांचे, म्हणजे नेमके खेड्यापाड्यांच्या आणि माणसांच्या नावांचे, बारीक तुकडे पडतात. सातबाऱ्यावर किंवा रुग्णालयाच्या नोंदीत चूक महाग पडते ती याच नावांची.

तेव्हा परीक्षकांनी एक साधी अपेक्षा ठेवावी. जिल्ह्याच्या चौदा तालुक्यांची नावे सर्व विभक्तींत चालवून दाखवावीत, ‘ऱ’च्या दोन्ही रीतींनी ती तपासावीत, आणि जेथे आज्ञावली चुकली, तेथे चुकीचे कारण एका वाक्यात लिहावे. असे कोष्टक जोडलेला प्रबंध साठ टक्के यश सांगत असला, तरी ते नसलेल्या नव्वद टक्क्यांच्या प्रबंधापेक्षा तो आम्हांस अधिक मोलाचा वाटेल. कारण पुढच्या विद्यार्थ्याला काम कोठून सुरू करावयाचे, हे त्यातून कळते.