ड्यूक देखणा आहे, पण त्याची जमीन कुठे आहे?

'ब्रिजर्टन'च्या पहिल्या सीझनवर दोनच चर्चा ऐकू येतात. एक, सायमन किती देखणा आहे. दुसरी, 1813 च्या लंडनमध्ये कृष्णवर्णीय ड्यूक कसा काय? पहिल्या मुद्द्यावर मला वाद घालायचा नाही. दुसऱ्याबद्दल म्हणाल तर कल्पित कथेला एवढी मोकळीक हवीच. माझी तक्रार वेगळी आहे. आठ एपिसोड ड्यूकच्या मागे धावणारी ही सिरीज ड्यूकपद म्हणजे नेमकं काय, हे सांगायचं टाळते.

सिरीज सुरू होते ग्रोव्हनर स्क्वेअरमध्ये. हा चौक खरा आहे. ज्या ग्रोव्हनर घराण्याचं नाव त्याला आहे, त्यांच्याकडे ही जमीन आली 1677 साली, लग्नातून. सर थॉमस ग्रोव्हनरशी लग्न झालं तेव्हा मेरी डेव्हिस 12 वर्षांची होती आणि लंडनबाहेरच्या कुरणांची, दलदलीची ती वारस होती. पुढे शहर वाढत तिथवर आलं, कुरणांच्या जागी मेफेअर आणि बेलग्रेव्हिया उभे राहिले, जमिनीचं भाडं येत राहिलं. 1874 मध्ये व्हिक्टोरिया राणीनं या घराण्याच्या प्रमुखाला ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर केलं. आधी मुलगी, मग जमीन, मग भाडं आणि जवळपास दोनशे वर्षांनी किताब.

'ब्रिजर्टन'मध्येही लग्नाचा बाजार आहे. आया धावपळ करतात, मुली राणीपुढे उभ्या राहतात, एक बाप मुलींच्या हुंड्याचे पैसे जुगारात उडवतो. पण ज्या जमिनीवर हा सगळा थाट चालतो, ती जवळजवळ दिसतच नाही. सायमनच्या क्लायव्हडन इस्टेटीवरची कुळं आपल्याला भेटतात ती थोडा वेळ, डुकरांच्या स्पर्धेच्या निमित्तानं. डॅफ्नीकडून तिथे चूक होते, ती शिकते आणि कथा पुन्हा शयनगृहाकडे वळते.

मग किताब येतो कुठून? लेडी डॅनबरीच्या मते प्रेमातून. राजा एका कृष्णवर्णीय राणीच्या प्रेमात पडला आणि समाज बदलला. सायमन तिथल्या तिथे बजावतो की राजाचं मन फिरलं तर हे सगळं जाऊही शकतं. सीझनमधला हा सर्वांत शहाणा क्षण. पण तो धागा तिथेच सुटतो.

खऱ्या जगात सिरीजच्या कथेनंतर एका वर्षात, 1814 मध्ये, एक नवा ड्यूक झाला. आर्थर वेलस्ली, ड्यूक ऑफ वेलिंग्टन. 1803 मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई इथे शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेला हरवणारा सेनापती हाच. पुढे स्पेन-पोर्तुगालमध्ये नेपोलियनच्या फौजांना हरवल्यावर त्याला हे पद मिळालं आणि पार्लमेंटच्या पैशातून त्याच्यासाठी स्ट्रॅटफिल्ड सेची इस्टेटही घेतली गेली. नाचाच्या हॉलमध्ये या रक्ताचा वासही येत नाही.

तरीही सिरीजच्या हाती एक फार मोठी गोष्ट लागली होती. मूल होऊ द्यायचं नाही आणि घराणं आपल्यापाशी संपवायचं, ही सायमनची शपथ. ड्यूकपद जवळजवळ नेहमीच फक्त पुरुष वारसाकडे जातं. तो नसला की पद संपतं. ड्यूक ऑफ लीड्स हे पद 1964 मध्ये असंच संपलं, न्यूकासल 1988 मध्ये, पोर्टलंड 1990 मध्ये. म्हणजे सायमनची धमकी पोकळ नाही. आपल्या वर्गाविरुद्ध एक ड्यूक जे काही करू शकतो, त्यातली ही सर्वांत टोकाची गोष्ट आहे.

सिरीज तिचं काय करते? क्रूर बाप, तोतरं बोलणारा मुलगा, न उघडलेली पत्रं असं सगळं जोडून या बंडाची एक मानसिक जखम करून टाकते. जखम असली की ती भरून काढणं आलंच. सहाव्या एपिसोडमध्ये डॅफ्नी त्याच्या संमतीशिवाय मूल मिळवायचा प्रयत्न करते. कथा तिला फारसा जाब विचारत नाही, कारण कथेलाही तेच मूल हवं आहे. शेवटी ते येतं आणि ते मुलगाच असतं. आपण डोळे पुसतो.

ती मुलगी असती तर? तिला ड्यूकपद मिळालं नसतं. आजही बहुधा मिळणार नाही. 2013 च्या कायद्यानं ब्रिटनच्या राजगादीसाठी मुलगा-मुलगी हा भेद संपवला, पण सरदारी किताबांना तो लागू नाही. 2016 मध्ये ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर वारले तेव्हा पद त्यांच्या तिसऱ्या अपत्याकडे, 25 वर्षांच्या मुलाकडे गेलं. त्याला दोन मोठ्या बहिणी आहेत.

वंशाचा दिवा हा शब्द आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. पेढे कधी आणि बर्फी कधी, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळतं. म्हणूनच ज्या आग्रहाला घरात आपण विरोध करतो, तोच रेशमी कपड्यांत, व्हायोलिनच्या सुरांवर समोर आला की आपल्याला रोमँटिक का वाटतो, हा प्रश्न मला सोडत नाही. 'ब्रिजर्टन' जरूर पाहा. मीही पुन्हा पाहीन. फक्त शेवटी बाळ रडतं तेव्हा सायमनची शपथ आठवून बघा. तिथे प्रेम जिंकलं असं सिरीज म्हणते. मला तिथे जिंकलेला दिसतो तो त्याचा बाप.