‘ध’चा ‘मा’ : एका न पाहिलेल्या कागदाचें परीक्षण

नारायणराव पेशव्यांचा वध सोमवार, भाद्रपद शुद्ध १३ शके १६९५, म्हणजे ता. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं भर दुपारीं शनिवारवाड्यांत झाला. या गोष्टीस अडीचशें वर्षें होऊन गेलीं. कोणीं मारलें हें पहिल्या दिवसापासून सर्वांस ठाऊक आहे; कोणीं मारविलें याविषयीं मात्र अद्यापि एकमत नाहीं. मतभेदाबद्दल आमची तक्रार नाहीं. तक्रार आहे ती ही कीं, यांतील बहुतेक मतें ज्या एका कागदाच्या आधारावर उभीं आहेत तो कागद आपण स्वतः पाहिल्याचें त्या मतांचे पुरस्कर्ते सांगत नाहींत. अलीकडे जुन्नर व आंबेगांव तालुक्यांतील जुनीं दप्तरें उलगडूं लागलीं असून ‘तो कागद आमच्या संग्रहीं आहे’ अशी वार्ताहि आमच्या कानीं आली आहे. म्हणून या प्रकरणाचें प्रमाणदृष्टीनें परीक्षण करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम निर्विवाद भाग पाहूं. थोरले माधवराव ता. १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें वारले व नारायणरावांस पेशवाई मिळाली. त्यांचें वय त्या वेळीं सतरा वर्षांचें होतें. चुलते रघुनाथराव उर्फ दादासाहेब वाड्यांतच नजरकैदेंत होते. वधाच्या दिवशीं सुमेरसिंग, खरगसिंग व महंमद युसफ यांच्या हाताखालील गारदी थकलेल्या पगाराचें निमित्त करून वाड्यांत घुसले. नारायणराव जीव वांचविण्यासाठीं चुलत्याकडे धांवले व तेथेंच मारले गेले. चाफाजी टिळेकर हा सेवक धन्यास पाठीशीं घालतांना मेला. पुढें रामशास्त्री प्रभुणे यांनीं चौकशी करून दादासाहेबांस दोषी ठरविलें, आणि ज्या राज्याचा मुख्यच असा त्याची चाकरी करावयाची नाहीं म्हणून ते पुणें सोडून वाईजवळच्या खेड्यांत जाऊन राहिले. नारायणरावांची स्त्री गंगाबाई गरोदर होती, ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदरावर तिला पुत्र झाला, आणि बारभाईंच्या पक्षास धनी मिळाला. इतकें सर्वमान्य आहे.

येथून पूर्वपक्ष सुरू होतात. पहिला पक्ष असा कीं, दादासाहेबांनीं गारद्यांस लिहून दिलेल्या आज्ञेंत ‘नारायणरावांस धरावें’ असें होतें. आनंदीबाईनें ‘ध’चा ‘मा’ करून ‘मारावें’ असें केलें. दुसरा पक्ष : फेरफार कोणीहि केलेला असो, दादासाहेबांस तो माहीत होता. तिसरा : सर्व कारस्थान दादांचा खिजमतगार तुळाजी पवार याचें, माधवरावांच्या कारकीर्दींत भोगलेल्या जाचाचा त्यानें सूड घेतला. चौथा : नागपूरकर भोसल्यांचे वकील व्यंकटराव व लक्ष्मण काशी गुप्ते यांचें अंग या कटांत होतें, व प्रभुज्ञातीशीं नारायणरावांनीं मांडलेला तंटा त्याच्या मुळाशीं होता. पांचवा : सखारामबापू बोकील आंतून सामील होते. सहावा पक्ष तर नाना फडणिसांसहि माहितगारांत ओढतो. सातवा म्हणतो, कट वगैरे कांहीं नाहीं. पगार थकलेल्या गारद्यांचें बंड हाताबाहेर गेलें.

या साती पक्षांत एक मौज आहे. प्रत्येक पक्ष दुसऱ्याचें खंडन करितो. परंतु पहिल्या पक्षांतील कागद मात्र बहुतेक सर्वच गृहीत धरतात. तुळाजीस दोषी म्हणणारा तुळाजीनें ‘ध’चा ‘मा’ केला म्हणतो. दादांस दोषी म्हणणारा दादांनींच आधीं ‘मा’ लिहून मागून बायकोवर ढकललें म्हणतो. भिंतीचा पत्ता नसतां चित्र कोणीं काढलें याचा हा वाद आहे.

कागदाची कथा छापील इतिहासांत रूढ झाली ती ग्रांट डफच्या ग्रंथामुळें. हा गृहस्थ १८१८ ते १८२२ पर्यंत साताऱ्यास होता, आणि त्याचा इतिहास १८२६ सालीं प्रसिद्ध झाला. म्हणजे वधानंतर त्रेपन्न वर्षांनीं. धरण्याची लेखी आज्ञा दिल्याचें दादासाहेबांनीं शास्त्र्यांजवळ कबूल केलें, मूळ कागद पुढें शास्त्र्यांस मिळाला व त्यांत शब्द बदललेला दिसला, असें तो लिहितो. बदल आनंदीबाईनें केला या मुद्द्यावर येतांच मात्र त्याचा आधार ‘सर्वांची समजूत’ एवढाच राहतो. कबुली, कागद आणि समजूत हीं तीन निरनिराळीं प्रमाणें एका परिच्छेदांत शेजारीं बसलीं, आणि वाचकांनीं तिन्हींस सारखेंच वजन दिलें. ग्रंथाचें मराठी भाषांतर १८३० च्या सुमारास होऊन शाळांतून वाचलें जाऊं लागलें. पंतोजींनीं तें मुलांस सांगितलें, मुलांनीं नातवंडांस सांगितलें. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनीं १८६७-६८ सालीं डफच्या ग्रंथावर टीका करून मराठी संशोधनास तोंड पाडलें खरें, पण लोकांच्या मनांतील ही कथा हालली नाहीं. १९०९ सालीं खाडिलकरांचें ‘भाऊबंदकी’ रंगभूमीवर आलें आणि आनंदीबाई कायमची खलनायिका झाली. नाटककारास तो अधिकार आहे. इतिहासलेखकानें नाटकाची साक्ष काढूं नये.

आतां कागदाचाच विचार करूं. मोडी लिहितांना आधीं शिरोरेघ ओढून तिच्याखालीं अक्षरें लिहीत जात. शब्दाशब्दांत जागा सोडीत नसत. ‘धरावें’ याचें ‘मारावें’ करावयाचें तर ‘ध’चा ‘म’ करून भागत नाहीं. पुढील ‘र’च्या अलीकडे एक काना घुसवावा लागतो. म्हणजे एक अक्षर खरडणें आणि नसलेल्या जागेंत दुसरें चिन्ह बसविणें, अशीं दोन कामें. खरडलेला कागद उजेडाकडे धरला असतां पातळ दिसतो, व त्यावर शाई फुटते. फेरफार अशक्य नव्हे. पण तो डोळ्यांआड राहणारा नव्हे. शिवाय ज्या गारद्यांसाठीं ही आज्ञा, त्यांचे जमादार बहुतेक उत्तरेकडचे. मोडीचा कागद त्यांनीं स्वतः वाचला कीं त्यांस वाचून दाखविला? वाचून दाखविला असेल, तर वाचणारास अक्षर बदलण्याचें कारणच काय? जिभेनें ‘मारावें’ म्हटलें कीं पुरे. तेव्हां कथेंतील कारस्थान जितकें चतुर वाटतें तितकेंच तें निरुपयोगी ठरतें.

मग ही कथा इतकी कां रुजली? आमच्या मतें तिचें एक कारण संस्कृत व पुराणवाङ्मय जाणणारांस सहज दिसण्यासारखें आहे. जैमिनी अश्वमेधांतील चंद्रहासाचें आख्यान पाहावें. धृष्टबुद्धि प्रधान चंद्रहासाजवळ आपल्या पुत्रास पत्र देतो कीं, यास विष द्यावें. वाटेंत प्रधानाची कन्या विषया तें पत्र वाचते, आणि डोळ्यांतील काजळानें एक अक्षर वाढवून ‘विष’ याचें ‘विषया’ करिते. चंद्रहासास मृत्यूऐवजीं वधू मिळते. राजकुलांतील स्त्री, गुप्त पत्र, एका अक्षराचा फेर, आणि त्यावर लोंबकळणारा एका तरुणाचा प्राण : चारी अवयव येथें आहेत. फरक इतकाच कीं, तेथें अक्षरानें जीव वांचला, येथें गेला. हें आख्यान हरदास व पुराणिक यांच्या तोंडून गांवोगांव पोंचलेलें होतें. यावरून पेशव्यांकडील कथा बनावट ठरते असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु श्रोत्यांच्या मनांत जिचा सांचा आधींच तयार आहे अशी गोष्ट कानीं पडतांच ती दुप्पट सावधपणें तपासली पाहिजे, एवढें तरी सिद्ध होतें.

दुसरें कारण सोयीचें आहे. दादासाहेब १७७५ च्या मार्चमध्यें सुरतेस इंग्रजांशीं तह करून त्यांच्या आश्रयास गेले. आश्रयदात्यास आपला आश्रित खुनी ठरणें अडचणीचें. ‘त्यानें फक्त धरावयास सांगितलें’ हें ऐकणें सुखाचें. आनंदीबाई १७९४ सालीं वारली व तिचा पुत्र दुसरा बाजीराव १८१८ सालीं राज्यास मुकला. ग्रांट डफ लिहावयास बसला तेव्हां तिची बाजू घेणारें दरबारीं कोणी उरलें नव्हतें. हेतुपुरस्सर कोणीं कथा रचली असें म्हणण्यास पुरावा नाहीं. ती अनेकांस सोयीची होती, एवढें खरें.

आमच्या जुन्नर प्रांतास तर बदललेल्या कागदाची गोष्ट अपरिचित नसावी. बहामनी वजीर महमूद गवान याचा शिरच्छेद ता. ५ एप्रिल १४८१ रोजीं एका खोट्या पत्रावरून झाला. शत्रूंनीं त्याच्या शिक्केदारास वश करून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला व वर राजद्रोहाचा मजकूर लिहिला, असें फिरिस्ता सांगतो. शिक्का माझा, मजकूर माझा नव्हे, हें महमुदाचें उत्तर व्यर्थ गेलें. त्या कटाचा अग्रणी मलिक हसन; आणि त्याचा मुलगा मलिक अहमद यानें १४९० मध्यें जुन्नराहूनच निजामशाही उभारली. फिरिस्तासुद्धां सव्वाशें वर्षांनंतरचा. त्याचीहि साक्ष घांसूनच घेतली पाहिजे. तथापि त्या प्रकरणांत आरोपीपुढें कागद ठेवला गेला व त्यानें उत्तर दिलें, असें निदान वर्णन आहे. आनंदीबाईपुढें तो कागद कोणीं ठेवला, व ती काय बोलली, याचें वर्णन ‘ध’चा ‘मा’ सांगणारांपैकीं कोणी करीत नाहीं.

आतां त्या वार्तेविषयीं. आंबेगांव तालुक्यांतील एका संग्राहकांनीं मोठ्या सौजन्यानें आपल्याजवळील पत्र आम्हांस पाहूं दिलें. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं आम्हांस तिळमात्र संशय नाहीं. पत्र त्यांच्या आजोबांच्या रुमालांत होतें व तेथेंच त्यांस मिळालें. परंतु पत्र स्वतःच आपल्याविरुद्ध साक्ष देतें. एक : अक्षराचें वळण आंग्लकालीन असून रेघा सर्वत्र सारख्या बारीक आहेत, बोरूची जाड-बारीक फिरकी कोठेंहि नाहीं, लेखणी पोलादी टांकाची आहे. दोन : ‘ध’वरील फेरफार वाचकास दिसावा म्हणूनच केल्यासारखा ठळक आहे, आणि खालचा कागद खरडलेला नाहीं. तीन, आणि हें निर्णायक : पत्रावर तिथि ‘अनंत चतुर्दशी’ अशी आहे. वध त्रयोदशीस झाला. लोकांत अनंत चतुर्दशीचा दिवस रूढ झाला आहे खरा, पण पेशव्यांस मारण्याची आज्ञा पेशवे मेल्यावर दुसऱ्या दिवशीं कोण लिहील? गुप्त आज्ञेस शिक्का-मोर्तब कशास, सुहूर सन व चंद्र कशास, असा कोणी आक्षेप घेईल, तर तो आम्हांस मान्य आहे. पण मग तिथि तरी कशास? हें पत्र रूढ कथेवरून उत्तरकाळीं तयार झालेलें आहे. बहुधा तें फसविण्यासाठींहि नसेल. कोणा मोडी शिकणाऱ्यानें कित्ता म्हणून किंवा कथेकऱ्यानें दाखविण्यासाठीं लिहिलें असेल. संग्रहाच्या यादींत त्यास ‘उत्तरकालीन’ असा शेरा मारून तें अवश्य जपावें. कथा कशी पसरली याचा तो पुरावा आहे, वधाचा नव्हे.

मग उत्तरपक्ष काय? कागद बाजूस ठेवला तरी दादासाहेबांवरील दोष कमी होत नाहीं. धरण्याची आज्ञा देणें हाच राजद्रोह होता. पुतण्या अंगाशीं येऊन बिलगला असतां त्यांनीं त्यास वांचविलें नाहीं. आणि वधाचें फळ म्हणून पेशवाई घेतली. रामशास्त्र्यांचा निर्णय एवढ्यावरच उभा राहूं शकतो, त्यास ‘मा’ची गरज नाहीं. तुळाजी पवाराचा हात होता हें बळकट दिसतें. तो व खरगसिंग हैदराच्या आश्रयास पळाले होते, व १७८० मध्यें पुण्याच्या हवालीं होऊन देहान्त शासन पावले. नागपूरकर वकिलांविषयीं संशयास जागा आहे. बापू व नाना यांच्याविषयीं, वधाचा फायदा पुढें त्यांस झाला यापलीकडे आधार दिसत नाहीं. आणि फायदा झाला त्यानेंच केलें हा न्याय नव्हे. नानांच्या आत्मचरित्रांत याचा उलगडा शोधणारांनीं हेंहि ध्यानीं ठेवावें कीं, तें पानिपताच्या प्रसंगाशींच थांबतें. बंडाचा पक्ष अर्धा खरा आहे : पहाऱ्याची ढिलाई विलक्षण होती. डफच्याच सांगण्याप्रमाणें रघूजी आंग्र्यांनीं इशारा दिला होता व पेशव्यांनीं हरिपंत फडक्यांस बंदोबस्त करण्यास सांगितलें. पंत जेवणास गेले, तोंवर काम उरकलें. मोठ्या घाताच्या मुळाशीं अशीहि एखादी क्षुद्र गोष्ट असते, आणि कारस्थानप्रिय मनास ती कधींच पुरत नाहीं.

राहतां राहिली आनंदीबाई. ती निर्दोष होती असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्यावर ठेवलेल्या विशिष्ट आरोपास समकालीन कागदाचा आधार कोणीं पुढें केलेला नाहीं, असें म्हणतों. या दोन विधानांत अंतर आहे, आणि तें राखणें हेंच संशोधकाचें काम. तिचें नांव म्हणीसारखें वापरलें जातें. ती बाई एक जिवंत माणूस होती, आणि मेलेल्या माणसासहि पुराव्यावांचून दोषी ठरविणें अन्याय्यच होय.

जुन्नर, ओतूर, नारायणगांव, घोडेगांव व मंचर येथील दप्तरें बाळगणाऱ्या गृहस्थांस आमची विनंति आहे. ‘तो’ कागद शोधूं नका. शिवनेरी किल्ला त्या काळीं पेशव्यांकडेच होता. पुण्याहून नाशिककडे जाणारा रस्ता मंचर-नारायणगांवावरूनच जातो. भाद्रपद व आश्विन शके १६९५ मधील किल्ल्यांच्या पहाऱ्याच्या ताकिदी, रोजकिर्दी, जासुदांस दिलेल्या मजुरीच्या नोंदी, सावकारांचीं बातमीपत्रें, यांकडे लक्ष द्या. त्यांत ‘मारावें’ हा शब्द मिळणार नाहीं. पण कोणत्या दिवशीं कोणास काय कळलें, व कोणीं कोणता बंदोबस्त केला, हें मिळेल. असा कागद आढळल्यास त्याची बालबोध नक्कल, मूळ कोणाच्या दप्तरांतील तें व कोणत्या रुमालांत होतें तें लिहून मंडळाकडे पाठवावी. शिळा लागलेला किंवा फाटलेला भाग नकलेंत तसाच रिकामा सोडावा. अंदाजानें भरूं नये.