‘दस्तक’ आणि ‘चांचा’

टेंभुर्णीपासून समुद्र फार दूर. आमच्या माढा तालुक्याला ठाऊक तें भीमेचें पाणी; खाऱ्या पाण्याशीं आमचा संबंध मिठापुरताच. त्यामुळें ‘दस्तक’ हा शब्द येथें कानीं पडतो तो हिंदीच्या वाटेनें आलेल्या अर्थानें. ‘पावसानें दस्तक दिली’, म्हणजे दार ठोठावलें. जुन्या मराठी कागदपत्रांतलें दस्तक मात्र निराळें. तो वाट मोकळी करून देणारा परवाना होय.

फारसींत ‘दस्त’ म्हणजे हात. त्यावरून दस्तक म्हणजे टाळी, दारावरची थाप, आणि पुढें सरकारी परवाना. कोंकणकिनाऱ्यावर आंग्र्यांचें आरमार व्यापारी तारवांना असें दस्तक देई. तें घेतलेल्या तारवास अभय मिळे. न घेतलेलें तारूं जप्तीस पात्र ठरे. ही रीत कान्होजी आंग्र्यांनीं नव्यानें काढली नव्हती. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज ‘कार्ताझ’ नांवाचा असाच परवाना सक्तीनें घ्यावयास लावीत होते.

मग भेद पडला कोठें? केवळ नांव ठेवण्यांत. कार्ताझ मागणारा सत्ताधीश ठरला आणि दस्तक मागणारा चांचा! कर्नल बिडल्फ यांच्या १९०७ सालच्या ग्रंथाचें नांवच ‘मलबारचे चांचे’ अशा अर्थाचें असून त्यांतील बराच भाग आंग्र्यांनीं व्यापिला आहे. वस्तुतः कोणत्याही राज्याच्या अधिकाराविना, स्वार्थासाठीं समुद्रावर लूट करणारा तो चांचा. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय समुद्रकरारांतही खासगी हेतु हीच त्याची खूण सांगितली आहे. कान्होजी तर १७१३ पासून शाहू छत्रपतींचे सरखेल. शिवाय १७१७ च्या बादशाही फर्मानाच्या आधारें बंगाल्यांत इंग्रज कंपनी स्वतःच दस्तकें देत होती व तो आपला हक्क म्हणवीत होती. बंगाल्यांत जें दस्तक हक्काचें, तेंच कोंकणांत दरोडेखोरीचें कसें?

तथापि अभिमानाच्या भरांत एक गोष्ट विसरूं नये. अधिकार सिद्ध झाला म्हणून जुलूम नाहींसा होत नाहीं. ज्या व्यापाऱ्याचें तारूं गेलें, त्याला तें कोणत्या शब्दाखालीं गेलें याचें समाधान काय! आमचें म्हणणें इतकेंच, कीं माप एकच असावें. कार्ताझ हा कायदा असेल तर दस्तकही कायदाच; दस्तक ही जबरदस्ती असेल तर कार्ताझही जबरदस्तीच.

दारावर येणाऱ्या पावसासाठीं मराठींत ‘थाप’ पुरेशी आहे. ‘दस्तक’ हा शब्द आपण आरमाराच्या इतिहासासाठीं राखावा.